तुळजाक्कांना वाचून दाखवलेलं पुस्तक

बंगळुरूला जाऊन आले म्हटलं की ओळखीचे लोक आधी लालबागेचं विचारतात. लालबाग मी मेट्रोच्या खिडकीतून पाहिली, चार दिवसांत कितीतरी वेळा, आणि दर वेळी माझं लक्ष मांडीवरच्या पुस्तकाकडे होतं. हवा छान असेल ना, असंही विचारतात. असावी. माझे तळहात मात्र चारही दिवस ओले होते, आणि त्याचा हवेशी काही संबंध नव्हता.

मी पुण्यात पुस्तकं वाचण्याचं काम करते. बंद खोलीत, मायक्रोफोनसमोर. लोक ती नंतर फोनवर ऐकतात. ऐकणाऱ्यांना सांगून खरं वाटत नाही, पण मी तोतरी आहे. दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य समोर असलं की मी अडखळत नाही. स्वतःचं वाक्य बोलायचं झालं की पहिल्या अक्षरावरच दार बंद होतं. सगळ्यात अवघड म्हणजे माझं नाव. पल्लवी. ‘प’वर ओठ मिटतात ते उघडतच नाहीत.

हे दुसऱ्याच्या वाक्याचं मला पंधराव्या वर्षी कळलं, कराडला, आमच्या गच्चीवर. शाळेत मी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. तेव्हा नगरवाचनालयातून एक पातळसं पुस्तक आणलं होतं, हेमलता सावरगावकर यांची ‘दुपारवाट’. रेवा नावाची मुलगी. लग्न होऊन सासरी गेलेली. अकराव्या दिवशी भर दुपारी ती पाण्याला म्हणून कळशी घेऊन बाहेर पडते आणि नळापाशी थांबतच नाही, चालत राहते. ते पान मी नकळत मोठ्याने वाचलं. पूर्ण पान. एकदाही न अडखळता. खाली आई पापड वाळत घालत होती, ती वर बघत म्हणाली, “कोण आलंय गं?”

त्यानंतर ते पुस्तक मी इतक्या वेळा नेलं की ग्रंथपालांनी शेवटी ते माझ्या नावावर हरवलं असं दाखवून मला देऊन टाकलं. लेखिकेने पुढे काही लिहिलं नाही. पुस्तक पुन्हा छापलं गेलं नाही. मोठी झाल्यावर मी ते रेकॉर्ड करायचा हट्ट धरला. आमच्या साहेबांनी एकच सांगितलं, लेखिकेची लेखी परवानगी आण. पत्ता मिळवण्यात वर्ष गेलं. तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, बंगळुरूच्या जयनगरहून: “भेटायचे असेल तर या. परवानगीचे वचन देत नाही.”

शुक्रवार, महादेवपुरा

उतरले ती माझ्या मावसबहिणीकडे. केतकी तिथे नऊ वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या अकराव्या मजल्याच्या बाल्कनीतून काचेच्या इमारती दिसतात आणि दोन इमारतींच्या मधे एक राहून गेलेलं नारळाचं झाड.

“तू इतकी टेन्स का आहेस?” केतकी म्हणाली. “फॅन म्हणून जा, सेल्फी काढ, सही घे. सिंपल.”

मी तिला म्हटलं, मला भीती वाटते ती त्या नाही म्हणतील याची नाही. मला भीती वाटते की मी त्यांच्यासमोर उभी राहीन आणि तोंडातून शब्द फुटणार नाही. आणि ज्या बाईच्या वाक्यांनी मला बोलतं केलं, तिला वाटेल, ही माझं पुस्तक वाचणार?

हे वाक्य बोलायला मला बराच वेळ लागला. केतकीने मधे दोनदा माझे शब्द पुरे करून दिले, दोन्ही वेळा चुकीचे. सगळेच करतात. प्रेमानेच करतात.

जेवायला तिने पोळीभाजी मागवली होती, पुण्याच्याच चवीची. महादेवपुऱ्यात म्हणे तसे तीन डबेवाले आहेत. बंगळुरूत पहिल्या दिवशी मी एकही कन्नड शब्द ऐकला नाही. लिफ्टमधे हिंदी, फोनवर इंग्रजी, घरात आमचं मराठी. मला जरा धीर आला. तो फार टिकला नाही.

शनिवार, जयनगर

जयनगर वेगळंच गाव आहे. रस्त्यांवर झाडांचं छप्पर, फुटपाथवर वीतभर अंतराने फुलवाल्या, आणि दारांपुढे सकाळची रांगोळी. आमच्याकडे रांगोळी सणाची, इथे रोजची. पाणी शिंपडून काढलेली, माणसं तिच्या कडेकडेने चालतात. मी दिलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचले होते. त्या घरासमोरून चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला वरच्या मजल्यावरून एका बाईंनी खाली वाकून कन्नडमधे विचारलं, कोण हवंय.

“प... प...” मी म्हटलं.

“पोस्टा?” त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. नाही म्हणायचं होतं, ते हो दिसलं असावं. त्या पेन घेऊन खाली आल्या. पाकीट नाही, पार्सल नाही, फक्त घामाघूम झालेली मी. शेवटी पिशवीतून ते उत्तराचं पत्र काढून दाखवलं. त्या हेमलताबाईंच्या सूनबाई. हसू दाबत मला वर घेऊन गेल्या.

हेमलताबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. बारीक अंगकाठी, सुती साडी, चष्मा गळ्यात दोरीला. मूळच्या मिरजेच्या, लग्न होऊन बंगळुरूला आल्या, अशा घरात की जे तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. यजमान रामोजीराव सहा वर्षांपूर्वी गेले.

“बसा,” त्या म्हणाल्या. “आधी खाऊन घ्या. उपाशी माणसाला नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं.”

म्हणजे नाहीच म्हणायचं होतं. सूनबाईंनी अक्की रोटी आणली, तांदळाच्या पिठाची, त्यात शेपू आणि ओलं खोबरं. दिसायला आपल्या थालीपिठाची बहीण, पण भाजणीचा खमंगपणा नाही. मऊ, जरा गोडसर. सोबत पितळी पेल्यात कॉफी, खाली पसरट वाटी. माझा हात इतका थरथरत होता की कॉफी पेल्यातून खालच्या वाटीत सांडली. बाईंना वाटलं मी ती त्यांच्या पद्धतीने निववते आहे. “छान, शिकलात,” म्हणाल्या.

मग मी माझं म्हणणं मांडलं. कागदावर लिहूनच आणलं होतं, म्हणजे ते ‘दुसऱ्याचं वाक्य’ होईल. चार ओळींनंतर कागद संपला.

“पुन्हा छापायचं असेल तर छापा,” त्या म्हणाल्या. “कानावर पडता कामा नये.”

“का?”

त्या उठल्या आणि भिंतीतलं कपाट उघडलं. वरच्या फळीवर ‘दुपारवाट’च्या प्रती, पिवळ्या पडलेल्या, एकावर एक.

“पंचेचाळीस वर्षं हे पुस्तक ह्या घरात उघड्यावर आहे. कुलूप नाही, काही नाही. आल्यागेल्याला आमचे हे कौतुकाने काढून दाखवायचे, माझ्या बायकोचं नाव छापलंय बघा. पण वाचलं कुणी नाही. आमच्याकडे सगळे मराठी बोलतात हो, पण शाळा कन्नड. मराठी अक्षरं म्हणजे पोथीतली. नातवंडं हिंदीमुळे अक्षरं लावतात, पण कादंबरी कोण लावत बसणार? लिहिताना मला ठाऊक होतं, ह्या घरात मी काहीही लिहिलं तरी ते कुणाला कळणार नाही. म्हणून तर लिहू शकले.”

“म-म्हणजे रेवा...”

“रेवा माझी नणंद आहे. तुळजा. राजाजीनगरला असते. शिवणाचं दुकान आहे तिचं.”

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. तीस वर्षं जी मुलगी माझ्या डोक्यात कळशी घेऊन चालत होती, ती मेट्रोच्या त्याच रेघेवर, दहाएक स्टेशनं पलीकडे, ब्लाऊज शिवत बसली होती.

बाईंनी मग सांगितलं. तुळजा एकोणीस वर्षांची, कोलारच्या बाजूला एका गावी दिलेली. अकराव्या दिवशी ती अशीच निघून आली. स्वयंपाकघरात येऊन वहिनीला खरं सांगितलं: माणूस वाईट नाही, हात उगारत नाही, पण मला तिथे राहायचं नाही, मी तिथे मरून जाईन. आणि बाहेरच्या खोलीत जाऊन भावाला सांगितलं: मारतो. कारण त्या काळी दुसरं कुठलंच कारण पुरलं नसतं. भाऊ तिकडे गेला, तिची ट्रंक घेऊन आला, आणि त्या घराशी संबंध संपला. त्या माणसाला गावात लोक नावं ठेवू लागले. त्याने पुढे दुसरं लग्न केलं. आता तोही नाही.

“हे सगळं मी पुस्तकात जसंच्या तसं लिहिलं,” बाई म्हणाल्या. “फक्त रेवाला शेवटी मी घराबाहेर काढलं, नर्स केलं. तुळजा दुकान थाटेपर्यंत घरीच राहिली. आणि आता ऐका. तुळजा दिवसभर मशीनवर बसून फोनवर गोष्टी ऐकते. कन्नड, मराठी, मिळेल ते. तुम्ही वाचलेलं कुणी ना कुणी तिला लावून देईलच. भावाच्या माघारी, सत्तरीत, तिने ते असं ऐकावं? अनोळखी बाईच्या तोंडून?”

मला मुळात ते खोटंच आवडलं होतं. पंधराव्या वर्षी मला त्या पुस्तकातलं सगळ्यात जवळचं वाटलं होतं ते हे की तिला खरं बोलता येत नाही आणि तरी ती सुटते. हे मी बाईंना सांगितलं. कागदाशिवाय. प्रत्येक शब्दाला ठेचकाळत. गच्चीचं, आईचं, ग्रंथपालांचं. बाई चष्मा हातात घेऊन खिडकीबाहेरच्या सोनचाफ्याकडे बघत राहिल्या.

“मग तुम्हीच तिला वाचून दाखवा,” अखेर त्या म्हणाल्या. “माझ्यासमोर. मला इतक्या वर्षांत धीर झाला नाही. ती हो म्हणाली तर मी सही करीन.”

परतीच्या वाटेवर मी केतकीला फोनवर सांगितलं. “वॉव,” ती म्हणाली, “हे तर ग्रेट झालं!” मला ते मुळीच ग्रेट वाटत नव्हतं. मी परवानगी मागायला आले होते, आणि आता एका घराचं झाकलेलं उघडायला निघाले होते. तेही माझ्या हौसेसाठी.

रविवार, राजाजीनगर

सकाळी जयनगरला जाऊन बाईंना घेतलं. मेट्रोत मॅजेस्टिक स्टेशनला गर्दी आत शिरली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, आणि गर्दी ओसरल्यावरही सोडलं नाही.

राजाजीनगरात दुकानांच्या रांगेत एक अरुंद गाळा. रविवार म्हणून शटर अर्धं खाली. वाकून आत गेलो. भिंतीवर दोऱ्यांच्या रिळांची फळी, खुंटीवर ब्लाऊजचे लोंबते जोड, आणि मशीनच्या मागे उंचपुऱ्या, रुंद कपाळाच्या, केसांत मोगरा माळलेल्या तुळजाक्का.

“वैनी! तू राजाजीनगरला? सूर्य कुठनं उगवला आज?” त्या उठल्याच. “आणि ही कोण?”

“पुण्याची आहे. माझं पुस्तक वाचलंय तिनं.”

“अय्यो, मग कुणीतरी वाचलं म्हणायचं!” त्या मोठ्याने हसल्या. “बस गं. नाव काय तुझं?”

“प... प...”

मी डोळे मिटले. आता त्या सुचवतील, पार्वती, पद्मा, प्रमिला. काहीच आलं नाही. डोळे उघडले तर त्या कात्री खाली ठेवून माझ्याकडे नुसत्या बघत होत्या.

“स्वल्प दम खा,” त्या म्हणाल्या. “मला कुठं जायचं नाही.”

“पल्लवी,” मी म्हटलं.

“सरी. पल्लवी. छान आहे की.”

बाईंनी मग एकदाचं सांगून टाकलं की ही तुला पुस्तक वाचून दाखवणार आहे, कारण त्यात तू आहेस. तुळजाक्कांना गंमत वाटली. मी काय केलंय पुस्तकात घालण्यासारखं, म्हणाल्या, आणि हुक लावायला एक ब्लाऊज मांडीवर घेतला.

मी पान उघडलं. अक्षरं हलत होती. पण पहिलं वाक्य सुटलं, आणि मग ते नेहमीसारखं झालं: वाक्य मला धरून पुढे नेऊ लागलं. दुपार. झोपलेलं घर. चुलीशेजारची तांब्याची कळशी. रेवा ती उचलते. नळावर दोन बायका बोलत उभ्या. रेवा नळ ओलांडून पुढे जाते.

सुईचा आवाज होत नाही, पण ती थांबली की कळतं.

“कळशी नव्हती,” तुळजाक्का हळूच म्हणाल्या. “बादली होती. कडी तुटलेली.”

मी पानावर बोट ठेवून त्यांच्याकडे बघितलं.

“वाच की. थांबलीस कशाला?”

मी वाचलं. वडाखाली ठेवलेली ती रिकामी कळशी. बसमधली खिडकी. माहेरचं स्वयंपाकघर, वहिनीचे पिठाचे हात. रेवा वहिनीला खरं सांगते ते. मग ती पदर सावरून बाहेरच्या खोलीत जाते, आणि भावाला म्हणते, “दादा, तो मला मारतो.” इथे मी थांबले. अडखळणं नव्हतं ते. मी बाईंकडे पाहिलं. त्या जमिनीवर पडलेल्या कापडाच्या चिंध्यांकडे बघत होत्या.

तुळजाक्का उठून आत गेल्या. गाळ्यामागे एक मोरी होती, तिथे नळ सुरू झाला. बराच वेळ सुरूच राहिला. मला वाटलं, शटरखालून निघून जावं आणि थेट पुण्याची बस धरावी. आपण काय केलं हे? ह्या बाईने आपलं काय वाकडं केलं होतं?

त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा ओला होता, पण आवाज नेहमीचा.

“वैनी, एक विचारू? अण्णाला कधी सांगितलंस तू?”

अण्णा म्हणजे त्यांचे भाऊ, रामोजीराव.

“नाही गं,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “देवाशप्पथ नाही. शेवटपर्यंत त्यांच्या कानावर जाऊ दिलं नाही. तुला शब्द दिला होता ना.”

मला वाटलं, ह्या उत्तराने तुळजाक्कांना बरं वाटेल. त्या स्टुलावर बसल्या त्या कुणीतरी ढकलल्यासारख्या.

“नाही सांगितलंस?”

“नाही.”

“मला वाटलं होतं सांगितलं असशील,” त्या म्हणाल्या. “बायको नवऱ्याला सांगणार नाही का, असं धरून चालले मी. वरसादोनवरसांनी कधीतरी सांगितलं असशील. हे दुकान अण्णाने काढून दिलं. दर हब्बाला, गौरीला-दिवाळीला, पहिली साडी माझी. आजारी होता तेव्हा माझ्याच हातची तांदळाची गंजी प्याला. मी दर वेळी मनात म्हणायची, बघ, ह्याला सगळं ठाऊक आहे, आणि तरी करतोय. आणि त्याला ठाऊकच नव्हतं? मग तो कुणासाठी करत होता? मार खाऊन आलेल्या बहिणीसाठी. ती तर नव्हतेच मी.”

“तुळजा...”

“आज जा वैनी. रागावले नाही. पण आज जा.”

पुस्तक त्यांनी माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि परत दिलं.

बाईंना जयनगरला पोचवलं. जिन्यात त्या म्हणाल्या, “पुस्तकासाठी घाबरत होते इतकी वर्षं. जो शब्द सांभाळला, त्यानेच मारलं मी तिला.” मी काहीतरी बोलायला हवं होतं. ओठ मिटले ते मिटलेच.

केतकीकडे मी जेवले नाही. ती या वेळी काही सुचवत बसली नाही, शेजारी नुसती बसून राहिली.

सोमवार

सोमवारी संध्याकाळची बस होती. सकाळी बाईंना दोनदा फोन केला; सूनबाई म्हणाल्या, अत्तेंनी, म्हणजे सासूबाईंनी, काही खाल्लं नाही, बोलत नाहीत. मी बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली. परवानगीचा कागद फाडायला घेतला होता तेव्हा फोन वाजला.

“पल्लवी ना? तुळजा बोलते. पुढचं राहिलं की. ये.”

गेले. बॅग घेऊनच गेले. दुकान सुरू होतं, बायका येत-जात होत्या, कुणाला अस्तर, कुणाला फॉल-पिको. तुळजाक्का कन्नडमधे त्यांच्याशी बोलायच्या, मापं घ्यायच्या, आणि त्या गेल्या की मला म्हणायच्या, “हं.” मी राहिलेल्या वाक्यापासून वाचायला लागायचे. मधे समोरच्या हॉटेलातून खारा भात आला, म्हणजे तिखट उपमाच, वर काजू. आमच्याकडे उपम्यावर साखर भुरभुरतात हे सांगितल्यावर त्यांनी फार वाईट तोंड केलं. तेवढंच दोघी हसलो.

कालच्या खोट्याच्या पुढचं वाक्य आलं. मी ते शेकडो वेळा वाचलेलं आहे. गच्चीवर, बसमधे, दवाखान्याच्या बाकावर. कधी त्यावर थांबले नव्हते. पुढच्या घटनेकडे जायची घाई असते तिथे.

“दादाने तिच्या उघड्या दंडांकडे पाहिले, मनगटांकडे पाहिले, आणि चपला घालून तो तिची ट्रंक आणायला निघाला.”

“थांब,” तुळजाक्का म्हणाल्या. “परत वाच.”

परत वाचलं.

“हे वैनीनं मनाचं लिहिलंय की झालेलं?”

मला कुठून माहीत असणार? त्यांनी हात पुढे केला. मी माझ्या फोनवरून जयनगरचा नंबर लावून दिला आणि आवाज मोठा केला. सूनबाईंनी उचलला, मग पावलांचा आवाज, मग बाईंचा श्वास.

“वैनी, अण्णानं माझ्या दंडांकडं पाहिलेलं, हे खरं?”

मला भीती वाटली की बाई फोन ठेवतील.

“खरं आहे,” बाई म्हणाल्या. “तू आत पाणी प्यायला गेलीस तेव्हा मला म्हणाले, हेमा, पोरीच्या अंगावर एक वळ नाही. मी घाबरले गं. म्हटलं, सगळे वळ दिसत नसतात. त्यावर काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं त्यांना. मी... मी ते लिहून टाकलं आणि विसरले. म्हणजे, विसरले नाही. त्याचा अर्थ लावायला गेले नाही.”

“मग काय केलं त्यानं?”

“चपला घातल्या. म्हणाले, ट्रंक घेऊन येतो.”

तुळजाक्कांनी फोन टेबलावर ठेवला. चालूच होता तो. त्यांनी साडीच्या पदराने मशीनची पाटी पुसली, जिथे काहीच सांडलं नव्हतं.

“अण्णाला तू फसवणार?” फोनकडे बघत त्या म्हणाल्या. “लहानपणी मी साखर खाल्ली की न बघता ओळखायचा तो. त्याला कळलं वैनी. तेव्हाच कळलं. कळूनच चपला घातल्या.”

पलीकडून बाईंचं रडणं ऐकू आलं. तुळजाक्का रडल्या नाहीत. म्हणाल्या, “जेवलीस का? कालपासून जेवली नसशील तू. जा, जेव आधी. आणि ह्या पोरीला सही दे. वाचू दे तिला. ऐकतील लोक, ऐकू देत. फक्त ते कळशीचं तेवढं बादली कर.”

“ते नाही करणार,” नाक ओढत हेमलताबाई म्हणाल्या. “कळशीच बरी दिसते.”

“बादली होती!”

“मला माहीत आहे गं बादली होती.”

परवानगीचा कागद नंतर टपालाने आला, खाली दोन सह्या: बाईंची मराठीत, आणि शेजारी, कुणी न मागता, तुळजाक्कांची कन्नडमधे. गेल्या आठवड्यात मी रेकॉर्डिंग सुरू केलं. कळशीच ठेवली आहे.

पण त्या दिवशी सही अजून व्हायची होती, माझ्या बसला दोन तास उरले होते, आणि उरलेली वीस पानं मी जरा घाईने वाचली. रेवा शहरात जाते, नर्स होते. तुळजाक्कांनी ते परक्याची गोष्ट ऐकावी तसं ऐकलं, मधे दोन बाह्यासुद्धा जोडल्या. पुस्तक संपलं. मी ते पिशवीत घालायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “ते वाक्य मला देऊन जा.”

“पुस्तकच ठेवा ना,” मी म्हटलं.

“पुस्तक घेऊन काय करू? मला कुठं येतंय वाचायला?”

त्यांनी गिऱ्हाइकांच्या मापांची वही ओढली. छाती, कंबर, बाही असे रकाने, सगळे कन्नड अक्षरांत. एक कोरं पान काढलं, कानामागची पेन्सिल घेतली.

“हं. सावकाश सांग.”

“दादाने,” मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. मराठी शब्द, गोल गोल कन्नड अक्षरं.

“तिच्या उघड्या दंडांकडे पाहिले.”

बाहेर एक बाई ब्लाऊज पीस घेऊन उभी होती. तुळजाक्कांनी मान वर न करता तिला हाताने थांबायची खूण केली. ती थांबली.

“मनगटांकडे पाहिले. आणि चपला घालून तो तिची ट्रंक आणायला निघाला.”

लिहून झाल्यावर त्यांनी वही जरा लांब धरली, पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं, आणि वाचायला लागल्या. एक एक शब्द सुटा करून, शाळेतल्या मुलीसारखं. शेवटापर्यंत गेल्या, मग परत ‘दादाने’पाशी आल्या आणि थांबल्या. ते खोडून वर काहीतरी लिहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने, माझ्यासाठी नव्हे, त्या थांबलेल्या बाईसाठी नव्हे.

“अण्णाने,” त्यांनी वाचलं.